धुतलेली वाटी

मी दिलेली खिरीची वाटी शेजारणीने धुऊन, चकचकीत करून परत दिली. माझ्या या थंड देशात तशीच रीत आहे. मला मात्र अलिबागजवळचं ते कोळीवाड्याचं गाव आठवलं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. मी पंचविशीतली मिशनरी. दिवसभर उन्हात दारोदार औषधं वाटून, देवाचं प्रेम समजावून पाय भरून येत. संध्याकाळी शेजारच्या हिराबाई कोळंबीचं कालवण आणून देत. मी वाटी घासून परत करी. एकदा त्यांनी ती घेतलीच नाही.

"बाय, रिकामी वाटी परत देत न्हाय. चिमूटभर साखर तरी घाल."

दमलेली मी चिडलेच. द्यायला तर मीच आले होते, समुद्र ओलांडून!

आज शेजारणीकडून आलेली वाटी फडताळात ठेवताना, साखरेचा एखादा कण लागतो का म्हणून मी आत बोट फिरवून पाहिलं.