कुंदाताईंचं नाक

जांभळांचा टेम्पो दारात उभा होता आणि आम्ही क्रेट उतरवून घेत होतो, तेव्हा कुंदाताईंच्या मुलीचा, अर्चनाचा फोन आला. सकाळी त्यांनी चहा केला, गॅस बंद केला, खुर्चीत बसल्या आणि... बसल्याच. एवढंच ती बोलू शकली. काशीमीऱ्याच्या आमच्या गाळ्यात हायवेवरच्या ट्रकांमुळे फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी तसाच निघणार होतो, पण माझी बायको मनीषा जागची हलली नाही. माल न बघता आत घेतला तर ताईंना तोंड दाखवता येणार नाही, असं ती म्हणाली. मग आम्ही दोघांनी डोळे पुसत एकेक क्रेट हातानं चाळला, बुरशी लागलेले सात क्रेट परत टेम्पोत चढवले आणि मगच सिल्व्हर पार्कला त्यांच्या घरी गेलो. याला आता पाच आठवडे होतायत. त्या सकाळबद्दल मला अपराधी वाटत नाही. उलट, त्यांना कुणी वाहिलेली सगळ्यात योग्य श्रद्धांजली तीच असावी, असं वाटतं.

आमचं घराणं इथलंच, मिठागरवाल्यांचं. मिठागरं बंद पडली, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. मी नाशिककडे जाऊन वाईन बनवायला शिकलो आणि काशीमीऱ्याला गॅरेजांच्या मागे एक गाळा घेऊन जांभळाची वाईन सुरू केली. चांगलं फळ आणि थोडं नशीब असलं की झालं, अशी तेव्हा माझी समजूत होती. एक खेप सुरेख उतरायची, पुढची कशीतरीच. असं का होतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. ते विचारायला आठेक वर्षांपूर्वी एका दुपारी कुंदाताई रिक्षातून उतरल्या. साठीच्या, सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत आमची रिकामी बाटली होती आणि वेगळ्या पुडीत तिचं बूच. विहीणबाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला द्यायला म्हणून त्यांनी मीरा रोडच्या दुकानातून ती घेतली होती. कपाटात ठेवलेली असताना बूच आपोआप उडालं आणि त्यांचा स्वतःचा लग्नातला शालू जांभळा झाला. मी पैसे परत द्यायला खिशात हात घातला, तर त्यांनी तो हातानंच थांबवला. गिरगावातून इकडे राहायला येण्याआधी आणि नंतरही, तीस वर्षं त्यांनी एका औषध कंपनीत माल तपासायचं काम केलं होतं. त्यांना पैसे नको होते. ही बाटली कुठल्या टाकीतली, कधी भरली, भरताना त्यात साखर किती उरली होती, हे त्यांना हवं होतं. मला यातलं काहीच सांगता येईना.

“मग ही बाटली तुमचीच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?” त्यांनी विचारलं.

त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न जास्त लागला. लेबल माझं होतं, पण आतल्या वाईनबद्दल मी अनोळखी माणसाइतकाच अडाणी होतो. मी त्यांना खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही, आणि महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की त्या आता इथेच काम करतायत.

त्या वाईन पीत नसत. वास घ्यायच्या, घोट तोंडात घोळवायच्या आणि स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक टाकीला नंबर दिला, प्रत्येक बाटलीवर त्या टाकीचा आणि भरलेल्या दिवसाचा शिक्का आला. रोज सकाळी साखर, आंबटपणा आणि तापमान मोजून वहीत लिहायचं, आणि वाईन गोड राहिली असेल तर ती पुन्हा फसफसणार नाही याची खात्री झाल्याशिवाय बूच मारायचं नाही, हा नियम झाला. पाइप धुतलाय असं मी म्हटलं, की त्या पाइपचं तोंड नाकाशी धरायच्या. मला याचा कंटाळा यायचा, चिडायचोही. मनीषा मात्र त्यांच्या शेजारी उभं राहून वास घ्यायला शिकत गेली. ताई तिला म्हणायच्या, आधी चांगल्याचा वास पाठ कर, वाईट आपोआप ओळखू येईल.

त्या आल्यानंतर चौथ्या वर्षी आमची खरी कसोटी लागली. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलनं पहिल्यांदाच माल घेतला होता, पहिली खेप गेलीही होती, आणि त्या सकाळी कुंदाताई तीन नंबरच्या टाकीपाशी थबकल्या. त्यांनी ग्लास मनीषाकडे दिला. मनीषा म्हणाली, नेलपॉलिशसारखा वास येतोय. मी हुंगलं, मला फक्त जांभळाचाच वास आला. दोन दिवसांनी मात्र नेलपॉलिशचा वास मलाही आला, आणि मागोमाग व्हिनेगरचा. मी म्हटलं, चांगल्या टाक्यांमध्ये थोडी थोडी मिसळून टाकू, कुणाला कळणार नाही.  कुंदाताईंच्या आधी बोलले ते माझे बाबा, जे रोज दुपारी गाळ्यात येऊन कोपऱ्यात बसायचे.

“काला मीठ पांढऱ्या ढिगान मिसलून कदी खपलाय का? न्हाय खपत, बाला.”

तो विषय तिथेच संपला. उत्पादन शुल्क खात्याची परवानगी काढून, त्यांच्या माणसासमोर आम्ही अख्खी टाकी ओतून दिली. जांभळा लोंढा नाल्याकडे जाताना मी शेवटपर्यंत बघत उभा राहिलो. पण कुंदाताईंचं समाधान त्यानं झालं नव्हतं. वाईन का बिघडली, हे कळायला हवं होतं. आमच्या टाक्या बनवणारे सलीमभाई नया नगरहून आले. टाकी नवी आहे, मॅडम, इसमें कुछ नहीं मिलेगा, असं ते सांगत राहिले, आणि कुंदाताई त्यांना एकेक भाग उघडायला लावत राहिल्या. शेवटी खालचा नळ निघाला. त्याच्या आतल्या रबरी चकतीला केसाएवढी चीर होती आणि तिच्यामागे जुन्या वाईनचा चिकट थर साचला होता. सलीमभाईंनी तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग हिंदीतच म्हणाले, की मॅडमना स्टीलच्या आतलं दिसतं. त्यांनी सगळ्या टाक्यांचे नळ आपणहून बदलून दिले.

मग उरली हॉटेलला गेलेली खेप. तिच्यातही काही बाटल्या तीन नंबरच्याच होत्या. अजून तक्रार आली नव्हती. मी गप्प बसलो असतो... खरं सांगतो, बसलोच असतो. कुंदाताईंनी फोन माझ्यासमोर सरकवला.

“हेमंत, त्यांनी सांगायच्या आत आपण सांगायचं. मग तो दोष राहत नाही, ती आपली तपासणी होते.”

मी फोन केला. शिक्क्यांमुळे नेमक्या कुठल्या बाटल्या परत घ्यायच्या हे सांगता आलं, बाकीच्यांना हात लावावा लागला नाही. हॉटेलचे खरेदी बघणारे गृहस्थ ‘बघतो’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आता हे गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चाललो. आठवड्यानं ते स्वतः काशीमीऱ्याला आले. त्यांनी गेल्या दोन वर्षांतली आमची कुठलीही एक बाटली निवडली आणि तिचा इतिहास विचारला. कुंदाताईंनी वही उघडली. जांभळं कुठली होती, कितव्या दिवशी वाईन निवळली, त्या दिवशी टाकी कुणी धुतली होती, सगळं त्यांनी वाचून दाखवलं. ते गृहस्थ वही मिटेपर्यंत ऐकत राहिले. जाताना वर्षभराची ऑर्डर देऊन गेले. ती आजही चालू आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी फळांच्या वाईनच्या एका स्पर्धेत आमची वाईन पहिली आली. मी कुंदाताईंना हात धरून मंचावर नेलं. टाळ्या चालू असताना त्यांनी परीक्षकांच्या टेबलावरचा आमचाच ग्लास उचलून हुंगला आणि माझ्या कानात सांगितलं, की पाच नंबरची यापेक्षा बरी होती. परतीच्या वाटेवर मात्र गाडीत त्यांनी ते पदक घरापर्यंत हातात धरून ठेवलं होतं. सिल्व्हर पार्कच्या गेटवर उतरताना त्या खिडकीशी वाकल्या आणि म्हणाल्या, औषधं तपासताना कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या रे.

गाळ्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. कधी तक्रार आलीच तर ताडून बघता यावं, म्हणून तिथल्या फळ्यांवर प्रत्येक खेपेची एकेक बाटली ठेवलेली असते. ती त्यांचीच सूचना. त्या गेल्यापासून मनीषा रोज सकाळी आधी त्या खोलीत जाते, थोडा वेळ एकटीच उभी राहते आणि मग ग्लास घेऊन टाक्यांकडे येते. मागच्या मंगळवारी एका टाकीची वाईन भरायला तयार आहे असं मी ठरवून टाकलं होतं, बाटल्याही धुऊन मांडल्या होत्या. तिनं वास घेतला, घोट घोळवला, थुंकला आणि मान हलवली. अजून आठ दिवस, म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही. बाटल्या पुन्हा झाकून ठेवल्या आणि मनीषा अजून नको म्हणतेय, माल आठवड्यानं येईल, असं हॉटेलला कळवलं.

तिकडून लगेच उत्तर आलं. घाई नाही, मॅडम हो म्हणतील तेव्हा पाठवा.