शिकाऊ हाताचे पत्रे

सातपूरला आमच्या गच्चीवरच्या खोलीला पत्रे बसवायला दोघे आले होते. मिस्त्री तिशीचा आणि त्याच्या हाताखाली शिकणारा माणूस पन्नाशीचा. निफाडकडे द्राक्षबागांत छाटणी करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. नाव मी विचारलंच नाही.

वर चढण्याआधी त्यानं माझ्या आईला विचारलं, "मावशी, तुमची खाट कुठं राहणार हाय?"

आईनं खिडकीकडे बोट दाखवलं.

"मंग तिकडचे पत्रे उस्ताद बसवतील. मी अजून शिकतोय. उगं तुमच्या अंगावर पाणी गळायला नको."

तीस वर्षं नोकरी केली, पण 'मला अजून नीट येत नाही' असं मी कुणाला तोंडावर सांगितल्याचं आठवत नाही.

दाराकडची बाजू त्याच्या वाट्याला आली. प्रत्येक स्क्रूखालचं रबर तो द्राक्षाचा मणी चाचपावा तसं अंगठ्यानं दाबून बघायचा. मिस्त्रीचं दुपारीच उरकलं. हा ऊन उतरेपर्यंत वरच. मला तर वैताग आला.

ते गेल्यावर मी खाट खिडकीखाली लावली. आई म्हणाली, "इकडं दाराशी घे. मी त्या घाबरणाऱ्या माणसाच्या पत्र्याखाली झोपणार."

दोन पावसाळे झाले. खाट दाराशीच आहे.