तळ्यातल्या चार लोंब्या

तळ्यातल्या भाताला मी हात लावला तो सवयीनं. आमच्या कोकणात नवा भात आला की चार लोंब्या दाराला बांधतात, त्याला ‘नवं’ म्हणतात. मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या दाराला ते कधी लागलंच नव्हतं. इथे उत्तर मिशिगनच्या तळ्यात पुरुषभर उंच भात डुलताना दिसला आणि मी धक्क्यावरून वाकून कटाकट लोंब्या मोडल्या. वर बायकोला हाक मारली, “अगं, फोटो काढ!”

हा भात कुणी पेरत नाही, पण तो बेवारशी नाही. तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे. ते होडीतून जातात, काठीनं रोपं वाकवून नुसते दाणे झाडतात. काही होडीत पडतात, काही पाण्यात, पुढच्या वर्षासाठी. रोप मोडायचं नाही. हे मुलीनं गाडीत सांगितलं होतं. मी तेव्हा जीपीएसशी भांडत होतो.

मुलगी मानववंशशास्त्रात पीएचडी करतेय, याच भातावर. धरण झाल्यापासून तो का विरळ होतोय, त्याच्याबरोबर काय काय जातंय, यावर. तिथल्या एका आजींनी तिला दोन उन्हाळे नुसती लाकडं वाहायला लावली आणि आज पहिल्यांदा रेकॉर्डर आणू दिला होता. म्हणून आम्हीही हौसेनं आलेलो.

धक्क्यावर आलेल्या आजी माझ्या हातातल्या लोंब्यांकडे बघत राहिल्या. मी गडबडून लेक्चरच सुरू केलं: कोकण, नवं, तोरण. “सेम टू सेम, आमच्याकडेही असंच!”

“इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो,” आजी म्हणाल्या. “माझ्या आईची गाणी टेप करणारेही म्हणाले होते. टेप त्यांच्याच कपाटात आहेत अजून.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“सॉरी,” मुलगी म्हणाली. “माय फॉल्ट. मीच आणलं यांना.”

“रेकॉर्डिंग राहू दे. आम्हाला विचार करावा लागेल,” म्हणून आजी होडीकडे वळल्या. मुलीनं रेकॉर्डर बॅगेत टाकला. त्या परत कधी बोलावतील, तिनं विचारलं नाही. आजींनी सांगितलं नाही.

परतताना मुलगी गॅस स्टेशनवर उतरली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी हळूच बायकोला म्हटलं, “मी एक्स्प्लेन केलं ना पण सगळं? पोलाइटली?”

“केलंस ना,” बायको म्हणाली. “सॉरी मात्र तिनं म्हटलं.”