हात वर केलेला माणूस

"रेल्वेवाल्यांना बसल्या जागी पगार," असं काल माझ्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं होतं. भाऊ, आज दुपारी ती बसायची जागा रक्तानं भरली.

मी असिस्टंट लोको पायलट, इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसणारी. गाडी जाधव सर चालवत होते. जालन्याकडून येताना संभाजीनगर जवळ आलं, तेव्हा रुळाच्या कडेला एका माणसानं हात वर केला. लोक करतात टाटा. मी पण हसून हात हलवला.

त्याच्या हातात दगड होता.

उघड्या खिडकीतून तो थेट सरांच्या भुवईवर बसला. हाडावर आपटल्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला. डोळे, मिशी, शर्ट, सगळं लाल.

सिग्नल आम्ही दोघांनी बघून मोठ्यानं बोलायचा असतो. मी ओरडले, "पिवळा!"

"मला दिसत नाय गं," ते म्हणाले. "तू सांगत राहा." ब्रेकवरचा हात मात्र सुटला नव्हता. पुढच्या लाल सिग्नलला त्यांनी माझ्या सांगण्यावर गाडी उभी केली.

लगेच एक प्रवासी उतरून इंजिनाच्या दारावर लाथा घालायला लागला, "ए, झोपला का रे आत?" मी दार उघडलं. रक्त बघून त्यानं मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं.

सरांना नऊ टाके पडले. डोळा वाचला. त्या दगडवाल्याचे दात मी मनात शंभरदा पाडलेत.

उद्या परत ड्यूटी आहे. रुळाच्या कडंला कोणी हात वर केला तर मी काय करू, सांगा. हात हलवू, का शेजारच्याचं डोकं खाली दाबू?