उताऱ्याच्या वरच्या ओळी

उपदेशक अण्णा रविवारचा उपदेश गुरुवारीच गावात सोडून देत. चिटगुप्प्याच्या आसपासच्या काही वस्त्या मिशननं त्यांच्याकडे दिल्या होत्या. त्या आठवड्याचा शुभवर्तमानातला उतारा ते खळ्यावर, विहिरीवर, चावडीसमोर गोष्टीसारखा सांगत आणि पुढे जात. शनिवारी पुन्हा त्याच वाटेनं फिरून कोण काय बोललं ते ऐकत. "ज्याला राग आला, त्येच्यासाठी ह्यो उतारा हाय," असं ते म्हणत. मी मिशनच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षक होतो.

नाताळाआधी एका रविवारी प्रभूची वाट तयार करा, उंचसखल सपाट करा, असा उतारा येई. निजामी अमलात तालुकदाराचा दौरा ठरला की रस्ता गावानंच बिगारीनं करून द्यायचा असे. एका म्हाताऱ्यानं अण्णांना अडवलं. "ह्यो बी रस्ता आमच्याच बिगारीनं का, अण्णा? मजुरीचं तेवढं इचारून या." रविवारी अण्णांनी त्याचा प्रश्न सगळ्यांसमोर सांगितला आणि म्हणाले, "ह्यो साहेब येतो, तवा पयलं फावडं त्येच्याच हातात असतंय." पुढच्या रविवारी म्हातारा प्रार्थनेला आला. मागे, दाराशी बसला.

शुभ शुक्रवारच्या उपदेशात ते पेत्राला कधी रागावत नसत. आपल्या गुरूला ओळखत नाही असं पेत्रानं सांगितलं आणि कोंबडा आरवला, इथवर आलं की बायका चुकचुकत. अण्णा थांबत. "त्येला नावं ठेवू नका. कोंबडे आपल्याबी घरी हाईत."

ज्वारीची सुगी झाली की सुगीचा रविवार येई. लोक धान्य आणत, दुपारी त्याचा लिलाव होई. एका वर्षी त्यातून चर्चवर पत्रे घालायचे होते. अण्णांनी विधवेच्या दानाचा उतारा घेतला. मंदिरात श्रीमंत मोठमोठ्या रकमा टाकतात, एक गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते, आणि येशू म्हणतो की तिनं सगळ्यांहून जास्त दिलं. मी त्यांचे बरेच उपदेश ऐकले होते. इतका चांगला एकही नव्हता.

प्रार्थना संपायच्या आत शांतव्वा घरी जाऊन आली. ही विधवा बाई एका शेतकऱ्याच्या रानाचा तुकडा बटईनं कसत असे. बी कसणाऱ्यानं आणायचं, असा तिथला रिवाज होता. तिनं आणलेल्या गाडग्यातली ज्वारी राखेत घोळलेली होती. कीड लागू नये म्हणून राखेत ठेवतात ते बियाणं, खायचं धान्य नव्हे. हे गावात सगळ्यांना कळत होतं. अण्णांनाही कळलं. त्यांनी गाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि मंडळींना दाखवलं.

पेरणीच्या दिवसांत शांतव्वानं कुणाकडे बी मागितलं नाही. मालकानं दसऱ्यापर्यंत वाट पाहिली आणि तुकडा दुसऱ्याला दिला. लेकीला घेऊन ती शहाबादला फरशीच्या खाणीवर गेली. अण्णांना हे शेजारणीनं सांगितलं. "तुमचे पत्रे चांगले बसलेत बघा, अण्णा," असंही ती म्हणाली.

पुढच्या सुगीला तोच उतारा काढून अण्णा शाळेत माझ्यासमोर बसले होते. या वेळी त्यांनी वरच्या ओळींपासून वाचायला सुरुवात केली. तिथं येशू शास्त्र्यांपासून जपा म्हणतो. ते लांब झगे घालतात, लांब प्रार्थना करतात आणि विधवांची घरं खाऊन टाकतात. त्याच्याच खाली ती विधवा येते आणि असेल नसेल ते टाकते.

"मास्तर, त्यो तिची वाहवा कुठं करायलाय? घर बुडालेलं दाखवायलाय. मी आजवर खालूनच सुरू करायलोय."

"सगळेच तिथून सुरू करतात, अण्णा."

"सगळ्यांनी गाडगं उचललं न्हाई."

त्या रविवारी ते वस्तीवर नव्हते. हुमनाबादहून मोटारीनं गुलबर्गा आणि तिथून रेल्वेनं आम्ही शहाबादला गेलो. शांतव्वा खाणीच्या काठावर दगडाच्या कपच्या पाटीत भरत होती. अण्णांना पाहून तिनं हात पदराला पुसले.

"कामून आलाव एवढ्या लांब? दान कमी पडलं का औंदा?" ती हसत म्हणाली.

अण्णा खाली बसले. त्यांनी तिला उतारा वरपासून सांगितला आणि आपण तो चुकीचा शिकवला असं सांगून हात जोडले. येशूनं त्या बाईला शाबासकी दिली नव्हती, तो तिच्यासाठी हळहळला होता, असं म्हणाले.

शांतव्वाचं हसू गेलं.

"म्हंजे माझं दान त्यानं घेतलंच न्हाई म्हनायलाव?"

"तसं न्हाई, अक्का."

"रान गेलं. घराला कुलूप हाय. पोरगी पाटी उचलायली. रातच्याला तिला सांगते, देवानं आपलं सगळ्यात मोठं धरलंय म्हनून. आता तिला काय सांगू?"

खाणीवर घणांचा आवाज चालू होता. अण्णांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

"माझंच वाचन्यात चुकलं असंल, अक्का. तुझंच मोठं धरलंय त्यानं."

"मंग असं बोला की." तिनं पाटी डोक्यावर घेतली. "जेवून जावा. भाकरी हाय."

ते जेवले. स्टेशनवर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आधी तिची ज्वारी घेतली, मास्तर. आज तिचं दानबी काढून घ्यायला आलतो. खोटं बोललो म्हनून ते तिच्यापाशी ऱ्हायलं."

बाकीचं वर्ष ते पूर्वीसारखेच उपदेश करत. सुगीच्या रविवारी मात्र मरेपर्यंत ते कधी उभे राहिले नाहीत. उतारा मी वाचत असे, शास्त्र्यांपासून. अण्णा बायकांच्या मागे जमिनीवर बसत. वाचन संपलं तरी त्यांची मान खालीच असे, आणि लिलाव सुरू व्हायच्या आत ते उठून घरी जात.