वरचा ठेवेल तो

आमच्या दिरांना हॉस्पिटलात सगळे 'वरचे' म्हणतात. कारण एवढंच, की त्यांची लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली काउंटरवर बसणारी मुलगी येईल त्या बाईला सांगते, थांबा, वरच्यांना विचारून सांगते. तिथे येतात त्या मूल होत नाही अशा बायका. आमचे दीर काचेच्या बशीत गर्भ वाढवतात, रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली बघतात आणि चांगला कोणता, टाकाऊ कोणता ते ठरवतात. डॉक्टर वेगळे आहेत. पण 'मी मान हलवल्याशिवाय डॉक्टरही पुढे जात नाहीत', हे दिरांनी मला निदान शंभरदा ऐकवलंय.

त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाहीये, हे आधीच सांगून टाकते. चांगलं ऐकायचं असेल त्यांनी सासूबाईंकडे जावं. धाकटा लहानपणी तांदूळ निवडायला बसला की एक खडा राहायचा नाही, हे त्या अजून कौतुकाने सांगतात. खडा सोडाच, तुटका दाणासुद्धा हे बाजूला काढायचे. का रे, म्हटलं तर म्हणायचे, हा ताटात शोभत नाही. पुढे डॉक्टर व्हायचं होतं. तीनदा परीक्षेला बसले, तीनदा आपटले. मग लॅबचा कोर्स करून दहा वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासली, आणि शेवटी या हॉस्पिटलात चिकटले.

तिथे त्यांना शिंगं फुटली. एखादी बाई कडेवर बाळ आणि हातात मिठाईचा डबा घेऊन आली, की जेवताना यांचं सुरू व्हायचं, माझ्या हातचं आहे ते पोर. आणि पाच-सहा जणींचं फसलं की हात वर. वरच्याची मर्जी, दुसरं काय! यश यांचं आणि अपयश देवाचं, असा सगळा कारभार. त्या देवाला मात्र हॉस्पिटलातल्या बारा वर्षांत यांनी एकदाही हात जोडले नाहीत. सासूबाई दिवा लावताना हाक मारायच्या, तर हे पायावर पाय टाकून म्हणायचे, ज्याचं काम मी करतो त्याच्या पाया काय पडायचं. सगळे हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि मला एकोणचाळिसावं लागलं होतं. सगळे उपाय करून झाल्यावर आम्हीही तिथेच गेलो. घरचा माणूस आहे, काळजीने बघेल, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. शेवटी दोन गर्भ टिकले. माझं पूर्वी एक ऑपरेशन झालेलं, म्हणून डॉक्टर म्हणाले की आत्ता एकच पोटात ठेवू, दुसरा गोठवून ठेवू, गरज लागली तर तो आहेच. पुन्हा पहिल्यापासून सगळं करणं माझ्या शरीराला झेपणार नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते या दोघांतच.

त्या सकाळी मी टेबलावर आडवी होते. डॉक्टर यायचे होते. दीर निळी टोपी घालून आले आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. दोन गोल ठिपके, एक वर, एक खाली. वहिनी, कोणता ठेवू, असं त्यांनी विचारलं. मला काय कळणार त्यातलं?

"मी कोण सांगणारी, भावजी?" मी म्हटलं. "वरचा ठेवेल तो."

ते मान हलवून आत गेले.

पहिला टिकला नाही. दीर दारात उभं राहून म्हणाले, वरच्याची मर्जी. मी दोन दिवस रडले आणि उठले, कारण माझं अजून एक तिथे होतं. चार महिने मी त्याच्या भरवशावर काढले. भांडी घासताना त्याच्याशी बोलायचे, थांब हं, येते न्यायला. ह्यांनी आतल्या खोलीतलं शिलाई मशीन हलवून पाळण्यापुरती जागा केली.

मग तारीख घ्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये दोनदा बघितलं. तुमच्या नावावर काही ठेवलेलं नाहीये, म्हणाली. वरच्यांना विचारून सांगते. मी म्हटलं, राहू दे, मीच विचारते.

तिसरा मजला मी कसा चढले ते माझं मला माहीत. दारावर बाहेरच्यांनी आत येऊ नये अशी पाटी होती. मी चपलांसकट आत गेले. दिरांनी काही लपवलं नाही. कपाटातून रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडं केलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. तिथे लिहिलं होतं : रुग्णाच्या सांगण्यावरून वरचा ठेवला. खालचा टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, वरचा म्हणजे मी देवाला म्हणाले होते.

"ते कळलं होतं मला," ते म्हणाले. "पण वहिनी, तिथे उभा मी होतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खालच्याची वाढ त्यांना वेडीवाकडी वाटली होती. डॉक्टरांनी गोठवा म्हणून सांगितलं होतं, तर यांनी त्यांना कळवलं की पेशंटलाच नको आहे. कशासाठी? तर दादाच्या गळ्यात एखादं आजारी पोर पडू नये म्हणून. तुम्हालाच जन्मभर उपसावं लागलं असतं, हेही वर मलाच ऐकवलं. मी विचारलं, तसंच झालं असतं हे पक्कं होतं का? म्हणाले, माझं सहसा चुकत नाही.

"आणि ठेवला तो कसा होता?"

"एक नंबर होता."

"मग तो कुठे गेला?"

ते 'वर' एवढंच म्हणाले.

मी तक्रार दिली. हॉस्पिटलवाल्यांनी तेच रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बाई, हे तुमचेच शब्द आहेत. ह्यांनी भावाशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, पण एका घरात राहायचं म्हणजे वाढायला लागतंच. ताट त्यांच्यापुढे ठेवायचं आणि निघून यायचं, असं माझं चालू होतं.

आणि आता दीर संध्याकाळी देवापुढे उभे राहायला लागले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, हात जोडून. सासूबाईंना पदर पुरेना डोळे पुसायला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा. परवा मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. शेवटी राहवलं नाही, विचारलं, माफी मागताय का?

"नाही," ते म्हणाले. "विचारतोय. माझ्या जागी तो असता तर त्याने कोणता ठेवला असता?"

"त्याने दोन्ही दिले होते, भावजी."

त्यांचे हात जोडलेलेच राहिले. मी बाजूला काढलेले तुटके दाणे परत तांदळात मिसळले, भात लावला आणि तोच त्यांना वाढला.