डिलीट केलं, पण स्वतःपुरतं

गेल्या आठवड्यात मारेगावकडच्या कापूस-भावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाइल आली. त्यात माझ्या मामीचं नाव, मोबाईल, आधार क्रमांक... आणि शेवटच्या रकान्यात ‘झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो.’

कापसाची ही वर्षं वाईट चाललीत, म्हणून एक संस्था शेतकरी कुटुंबांचं फोनवर समुपदेशन करते. मामी चार महिने त्यांच्याशी बोलत होती. घरात फक्त मला माहीत होतं. यादी वरिष्ठांना जायची होती, संस्थेच्या समन्वयकांनी ती चुकून ग्रुपवर टाकली.

मी त्यांना फोन केला. “मॅडम, कवाचीच डिलीट केली ना! माह्या मोबाईलवर तं दिसूनच नाही राह्यली!”

दिसणार कशी? त्यांनी ‘डिलीट फॉर मी’ दाबलं होतं. यादी फक्त त्यांच्यासाठी नाहीशी झाली होती, ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांसाठी जागच्या जागी होती. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणून लगेच ग्रुप ॲडमिनला गाठलं. त्याने ती सगळ्यांसाठी काढली. पण तोवर डाउनलोड झालेल्या प्रतींचं काय?

मामीचा फोन बंद लागला, म्हणून गावी गेले. “बरी होत आली होती बाप्पा,” ती म्हणाली. “लोकायनं इचारू-इचारूच बिमार केलं.” आता समुपदेशकाचा फोनही नको, म्हणाली. मला भीती वाटली ती याचीच.

“चूक झाली मॅडम, गुन्हा थोडीच हाये?” हे समन्वयकांचं पालुपद. नव्या डेटा संरक्षण कायद्यात चुकून झालेली गळतीही गळतीच असते, ज्यांची माहिती गेली त्यांना कळवावं लागतं. पण ती कलमं पूर्ण लागू व्हायचीत... आणि दंड झालाच, तर तो सरकारजमा. मामीला काय?

तरीही लेखी तक्रार केली. मागणी एकच, यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून चूक सांगा. कुरकुरत का होईना, त्यांनी फोन केले.

“हापिसातल्या मानसानं माफी मांगतली वं मले,” मामी म्हणाली. “पयल्यांदाच.”

तक्रार मी मागे घेतलेली नाही.

काल मामी समुपदेशकाशी पुन्हा बोलली. माझ्या मोबाईलवरून, मलाच खोलीबाहेर काढून. मी दार ओढून घेतलं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले... एवढंच तर करायचं असतं.